पाचव्या नारळाचं नाव

माझ्या काकांची वाचा गेली ती माघातल्या एका सोमवारी, आणि शिमगा होता त्यानंतर पाच आठवड्यांनी. सगळ्या वाडीला काकांची काळजी लागली. मलाही लागली, पण खरं सांगायला लाज कशाची, त्याहून जास्त काळजी मला माझी लागली.

येसाजीकाका आमच्या वाडीचे गावकार. जोयडा तालुक्यातल्या बाजारकुणंग गावापासून नऊ किलोमीटर आत, जंगलात, चौतीस घरं. शिमग्याला सगळे पुरुष मांडावर जमतात. मांड म्हणजे गावकाराच्या घरापुढची सारवलेली मोकळी जागा. दिसायला अंगणच, पण तिथे चप्पल घालून कुणी जात नाही. तिथे उभं राहून गावकार गाऱ्हाणं घालतो. देवाला हाक, सीमेवरच्या राखणदाराला हाक, मग ज्यांनी रान तोडून वाडी वसवली, ज्यांनी झरा शोधला अशा जुन्या माणसांना नावानं हाक. एका हाकेला एक नारळ, असे सात. प्रत्येक हाकेवर जमलेल्यांनी 'व्हय' म्हणायचं. तो 'व्हय' आल्याशिवाय पुढची हाक घ्यायची नाही. काकांनी हे बत्तीस वर्षं केलं. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून त्यांच्यामागे पाळी माझी.

आता यात अवघड काय, असं कुणी म्हणेल. अवघड हे की गाऱ्हाणं कागदावर उतरवायचं नाही. तोंडानं सांगायचं, कानानं धरायचं. मी पोस्टात आहे, ग्रामीण डाक सेवक. बावीस वर्षं टीव्हीएसवरून या रानात कागदच वाटत फिरतोय, आणि जिथे मला एका चिठोऱ्याची गरज होती तिथेच कागदाला बंदी! आणि दुसरी गोष्ट, जी सगळ्यांना माहीत असते पण बोलत कुणी नाही: गाऱ्हाणं चुकलं तर ते घालणाऱ्याच्या घरावर उलटतं.

माझ्या घरात त्या वेळी माझी लेक रक्षा होती. बाळंतपणाला आलेली, सातवा संपत आलेला. आदल्या वर्षी तिचं एक पाचव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात कुणी मोठ्यानं शिंकलं तरी बायको, सुनयना, दचकून पोरीच्या पोटाकडे बघायची. देवावर माझा किती विश्वास आहे हे मला विचाराल तर मी दोन्हीकडची उत्तरं देईन. पण पोरीच्या पोटावर पैज कोण लावेल?

गाऱ्हाणं मला येत होतं. लहानपणापासून ऐकलेलं, टपाल वाटताना गाडीवर बसून म्हणून बघितलं, तर घडाघडा आलं. चार नारळ आले. सहावा आणि सातवाही आला. पाचव्याला येऊन मात्र मी गाडी थांबवली. पाचव्या नारळाला काका काय म्हणतात, हे मी कधी ऐकलंच नव्हतं. मीच काय, कुणीच ऐकलं नव्हतं. पाचव्याला काका खाली वाकतात, ओठ हलवतात, आणि नेमका त्याच वेळी गुणाचा ढोल कडाडतो. ढोल थांबतो तोवर काका ताठ उभे, आणि लोक सवयीनं 'व्हय' म्हणून मोकळे. बाकीच्या जुन्या माणसांचे नारळ त्या त्या घराचा माणूस पुढे होऊन उपरण्यात किंवा टोपीत घेतो. पाचवा फोडून रानात टाकतात.

मी गुणाच्या घरी गेलो. साठीचा माणूस, ओढ्याकाठी राहतो, ढोल त्याच्या घराण्याकडे.

"गुणा, पाचव्याला तू इतका जोरात का वाजवतोस?"

"बा वाजवायचा म्हनून."

"आणि बा का वाजवायचा?"

"त्येचा बा वाजवायचा म्हनून."

"आणि तो?"

"त्येला जाऊन इचार. वर हाय त्यो."

इतकं बोलून तो हसला आणि मला कोकमाचं सरबत दिलं. मला ते गोड लागेना. हसण्यासारखं मला काही दिसत नव्हतं.

काकांचं उजवं अंग गेलं होतं, बोलणं गेलं होतं, पण डोकं शाबूत होतं. व्हय-न्हाईला मान हलायची. तेव्हा मी ठरवलं, एकेक नाव घ्यायचं आणि मान बघायची. जोयड्याला सुपा तालुका म्हणत त्या काळचे जमिनीचे उतारे मिळवले, जुन्या मतदार याद्या मिळवल्या, म्हाताऱ्यांना विचारून नावं काढली. संध्याकाळी पोस्टाचं काम आटोपून काकांच्या खाटेशी बसायचं आणि सुरू करायचं. बाबलो? मान आडवी. सोमा? आडवी. पुनो, नागू, गोविंद, कृष्णा, दुसरा गोविंद? आडवी, आडवी. चार संध्याकाळी मी शंभरावर पुरुष काकांच्या पुढ्यात उभे केले आणि त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं. पाचव्या संध्याकाळी त्यांनी डाव्या हातानं पाण्याचा पेला माझ्या दिशेनं भिरकावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला आधी राग आला, मग स्वतःचीच कीव आली. शिमग्याला नऊ दिवस राहिले होते.

शांताकाकी दाराशी मुडलीचा कंद सोलत बसली होती. मुडलीची खाज हाताला लागू नये म्हणून तिनं कोकम चोळलं होतं. ती वर न बघता म्हणाली, "बाईचं इचारलास?"

"कुठलं बाईचं?"

"नाव. बाईचं नाव इचारलास काय त्येंना?"

मी हसलो. "काकी, गाऱ्हाण्यात बाई कुठली गं? बायका मांडावर पाय बी ठेवत नाहीत."

"मग बसा दोघं मुंड्या हलवत," काकी म्हणाली आणि पुढचा कंद घेतला.

मी काकांकडे बघितलं. काका तिच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला पहिल्यांदाच नीट बघितलं असावं असं वाटलं मला.

मग नवीच पंचाईत झाली. मला बायकांची नावंच ठाऊक नव्हती. उताऱ्यावर चुकूनमाकून बाई सापडली तरी ती 'कोम सोमा', 'कोम बाबलो', म्हणजे अमक्याची बायको, तमक्याची बायको. बाईला स्वतःचं नाव असतं हे तलाठ्याला सुचलं नव्हतं, आणि चार संध्याकाळी तिथे बसून मलाही सुचलं नव्हतं. काकीनं सुरी खाली ठेवली आणि आपणच नावं घ्यायला लागली. तिला सगळ्या ठाऊक होत्या. कुणाची सासू, कुणाची आज्जी, कोण कुठल्या गावची. देवकी. पार्वती. सत्यभामा. येसू. आनंदी. काकांची मान आडवी जात होती, पण आता सावकाश.

"आनि ती एक," काकी म्हणाली, "पोरींला शिव्या द्यायला नाव घेतात ती. चंद्रा."

हे मात्र मला ठाऊक होतं. आमच्याकडे हट्टी पोरीला म्हणतात, 'ऐकत न्हाईस, चंद्रा हायस काय?' मी स्वतः रक्षाला शंभर वेळा म्हटलं असेन. ही चंद्रा कुणी खरी बाई असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

काकांची मान वरखाली झाली. एकदा झाली आणि मग थांबेचना. तोंडातून कसलातरी आवाज यायला लागला, लाळ गळायला लागली, काकी उठून पदरानं पुसायला गेली तर तिचा हात त्यांनी धरून ठेवला.

नाव मिळालं. मला वाटलं, सुटलो. रात्री पोटभर जेवलो.

पण नुसतं नाव घेऊन भागत नाही. गाऱ्हाण्यात कुणाचंही नाव घेतलं की त्यानं काय केलं ते सांगावं लागतं. चंद्रानं काय केलं? काकी म्हणाली, तिला इतकंच ठाऊक की चंद्राचा भाऊ वाडी सोडून खालच्या वाडीत गेला, आणि त्याची लेक फुला अजून आहे. फुलाआज्जी माझ्या टपालाच्या वाटेवरच राहते. तिची पेन्शन दर महिन्याला मीच पोचवतो, ती मला ताक देते, आणि दर खेपेला 'अजून त्याच फटफटीवर फिरतोस व्हय रे' म्हणते. दुसऱ्याच दिवशी मी गेलो.

नव्वदीला टेकलेली बाई. पायरीवर उन्हात बसली होती. मी चंद्राचं नाव काढल्यावर तिनं आधी आत बघितलं, सून कुठे आहे ते. मग मला जवळ बस म्हणाली.

"आत्ती माजी," ती म्हणाली. "कोन सांगितलं तुला?"

मी म्हटलं, काकीनं. मग ती बोलायला लागली ती मला मध्ये तोंड उघडू न देता.

"गोरा सायब यायचा शिकारीला. दर उनाळ्यात. त्येचा तंबू, खाट, पेट्या, बाटल्या, सगळं आमच्या डोस्क्यावर. घरटी एक मानूस वेठीला. पैसा न्हाई, पेज न्हाई, न्हाई म्हनायची सोय न्हाई. पुरुषमानसं रानात दडायची, मग बायकांला धरायचे. त्या वरसाला चौदा बाया हुत्या. त्यात देवकी, तिचे दिस भरलेले. तिच्या बी डोस्क्यावर पेटी. कुळगीच्या वाटंला चढन लागली तशी ती बसली, ती उठलीच न्हाई. पोटातलं बी गेलं, ती बी गेली. शिपाई म्हनला, चला, तिची पेटी दुसरी कोन तरी घ्या. तवा आत्तीनं आपली पेटी खाली ठेवली. म्हनली, आता ही सायबानं सवता उचलावी. आनि पेटीवरच बसली. मागच्या बायांनी बघितलं, त्येंनी बी ठेवल्या. सायबाचा सगळा संसार रातभर रानात पडला. डुकरांनी पीठ खाल्लं, म्हनं."

तिला थोडं हसू आलं. मलाही आलं.

"हे आजूबाजूच्या गावांला कळलं. त्येंनी बी डोस्की द्यायची बंद केली. वेठ संपली ती तितंच संपली. पर मग शिपाई आले, पयली पेटी कुनाची म्हनून. कोन बोललं न्हाई. अख्खा गाव मांडावर बसवला, पोराबाळांसकट. तीन दिस. पानी बी मोजून. पोरं रडून रडून गप झाली. चौथ्या दिशी गावकारानं बोट केलं."

गावकार. हिशेब करायला मला वेळ लागला नाही. माझा पणजा.

"तुज्या पंज्यानं," ती म्हणालीच, म्हणजे मला चुकवायलाही जागा उरली नाही. "तिला न्हेलं. सा म्हैन्यांनी निरोप आला, तुरुंगात तापानं गेली."

माझे कान तापले. मी तिला सांगितलं की आमच्या घरानं तिचं नाव टाकलेलं नाही. दर शिमग्याला पाचवा नारळ तिचाच असतो, गावकार तिचं नाव घेतो, फक्त ढोलात घेतो. हे सांगताना मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल.

"ढोलात?"

"व्हय."

"म्हंजे देवाला सांगायचं, मानसांला न्हाई." तिनं माझ्याकडे बघितलं. "मी ऐंशी वरसं शिमग्याला तुमचा ढोल इथनं ऐकते, मारुती. मला कळलं बी न्हाई."

त्या दिवशी तिनं ताक दिलं नाही. विसरली असेल. मी मागितलं नाही.

त्यानंतरचे आठ दिवस जसे गेले तसे वैऱ्यावरही येऊ नयेत. नाव ढोलात घ्यावं, तर गाऱ्हाणं जसं चालत आलं तसं चालेल, काही उलटायचं नाही, घराण्याची अब्रूही झाकलेली राहील. मोठ्यानं घ्यावं, तर गाऱ्हाणं बदललं. बदललं म्हणजे चुकलं का? कुणाला विचारणार? देव उत्तर देत नाही आणि काकांना येत नाही. तरी मी काकांना विचारलं, "मोठ्यानं घेऊ?" त्यांनी डोळे मिटून घेतले. ते व्हय होतं की न्हाई होतं की मला त्रास देऊ नको होतं, मला अजून कळलेलं नाही.

सुनयनेला मात्र स्पष्ट कळलं होतं. "पोरीचे दिवस काय चाललेत आणि तुमचं काय चाललंय," ती म्हणाली. "पंज्यानं केलं, आजोबांनी झाकलं, काकांनी झाकलं. तुम्हीच कोण मोठे लागून गेलात? पुढच्या वर्षी घ्या की मोठ्यानं. बाई मरून पंच्याऐंशी वर्षं झाली, अजून एक वर्ष तिला काय जड आहे?"

मीही मनात तेच म्हणत होतो. रक्षा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिनं सगळं ऐकलं असणार. संध्याकाळी माझ्या ताटात भात वाढताना ती म्हणाली, "बाबा, त्या देवकीचं बाळ मुलगा होता की मुलगी, फुलाआज्जीनं सांगितलं का?" मी म्हटलं, नाही. त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

माझ्या चुलतभावाला, योगेशला, कुठून तरी कुणकुण लागली. रामनगरला त्याचं हार्डवेअरचं दुकान, वाडीत वर्षातून चारदा येणार, पण गावकारकीवर डोळा असा की काय सांगावं. म्हणाला, "मारुती, झेपत न्हाई तर सांग. मी घालतो गाऱ्हाणं. उगं नवं काय काढू नको. आपल्याच पंज्याचं धोतर आपन सोडायचं व्हय चारचौघांत?" मी त्याला म्हटलं, चौथ्या नारळाचं वाक्य म्हणून दाखव. त्याला आलं नाही. त्याची जिरली याचा आनंद मला अर्धा तासच टिकला.

शिमग्याच्या दिवशी सकाळी मी गुणाकडे गेलो आणि म्हटलं, पाचव्याला ढोल नको. त्यानं मला का ते विचारलं नाही. आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं आणि म्हणाला, "मी सांगतो त्येंला. ऐकले तर ऐकले."

तोपर्यंत मी नक्की काहीच ठरवलं नव्हतं हे मला कबूल केलं पाहिजे. ढोल नको म्हटलं खरं, पण मनात पळवाट ठेवली होती: ओठातल्या ओठात घेईन, कोण ऐकतंय!

मांड सारवून तयार होता. काकांना खुर्चीत बसवून आणलं होतं. पुरुष गोल उभे, बायका नेहमीसारख्या लांब, फणसाच्या झाडाखाली. त्यांच्यात रक्षा होती. पोटुशीनं शिमग्याला यायचं नसतं. सुनयना तिच्यामागे तोंड पाडून उभी होती, म्हणजे भांडून हरलेली होती.

मी सुरू केलं. "हे मांडाच्या म्हाराजा, वाडीची लेकरं तुज्या पायाशी उबी हायत..."

"व्हय."

पहिला नारळ झाला. दुसरा झाला. वाक्यं येत होती. रान तोडणाऱ्याचं नाव घेतलं, झरा शोधणाऱ्याचं घेतलं, त्या त्या घरांनी नारळ नेले. पाचवा नारळ हातात घेतला, तसा ढोल कडाडला. गुणाचे हात ऐकले नव्हते. त्याचा चेहरा रडवेला झाला होता आणि हात चालूच होते.

हीच माझी संधी होती. वाकायचं, ओठ हलवायचे, उभं राहायचं. मी वाकलोसुद्धा. आणि वाकल्यावर मला माझ्या पणज्याचा इतका राग आला की काय सांगू. बोट केलं म्हणून नव्हे. तीन दिवस पोरं तहानेली बघून मीही केलं असतं कदाचित. राग याचा आला की ती गेल्यावर, शिपाई गेल्यावर, साहेब त्याच्या देशाला गेल्यावरसुद्धा आम्ही असंच वाकून राहिलो होतो.

मी सरळ उभा राहिलो आणि गप्प राहिलो. ढोल वाजत राहिला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी गुणाकडे बघत होतो. अखेर त्याचे हात थांबले.

"हा पाचवा नारळ चंद्राचा," मी म्हटलं. "कुळगीच्या वाटंवर जिनं पेटी खाली ठेवली आनि तुमची-आमची वेठ उतरवली, तिचा. माज्या पंज्यानं, ह्या मांडावरनं, तिच्याकडं बोट केलं. तिला न्हेलं, ती परत आली न्हाई. आजवर तिचं नाव आमी ढोलात घेतलं. आज मोठ्यानं घेतो. चंद्रा, हा नारळ तुजा."

कुणी 'व्हय' म्हणालं नाही.

मी थांबलो. 'व्हय' नाही तर पुढची हाक नाही. सहावा नारळ नाही, सातवा नाही, गाऱ्हाणं अर्धवट. माझ्या माहितीत असं कधी झालं नव्हतं. पुरुष खाली बघत होते. योगेश म्हणाला, "हे गाऱ्हाण्यात न्हाई," आणि दोघातिघांनी माना हलवल्या. काकांकडे बघायचं मला धाडस होईना. मला फक्त एवढंच दिसत होतं की मी माझ्या हातानं माझ्या पोरीच्या वाटेत काहीतरी आणून ठेवलंय, आणि आता ते उचलता येत नाही. नारळ मी दोन्ही हातांनी धरला.

"व्हय."

बाईचा आवाज. मांडावर बाईचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मी वळून बघितलं. रक्षा फणसाखालून पुढे आली होती, एक हात पोटाखाली धरून. तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं गाऱ्हाणं कुणावर उलटतं ते.

"व्हय," ती पुन्हा म्हणाली. मग शांताकाकी म्हणाली. मग फणसाखालच्या सगळ्या म्हणाल्या, एकदम नव्हे, एकीमागून एक. सुनयना सगळ्यांत शेवटी म्हणाली, माझ्याकडे रागानं बघत, डोळे पुसत. त्यानंतर गुणा म्हणाला. बाकीच्या पुरुषांनी मग उशीर केला नाही. योगेश म्हणाला की नाही ते मी बघितलं नाही.

सहाव्या नारळाचं वाक्य मी साफ विसरलो. जे तोंडाला आलं ते म्हटलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी टपालाच्या पिशवीत चंद्राचा नारळ घालून मी खालच्या वाडीत गेलो. तो रानात टाकू दिला नव्हता. फुलाआज्जी पायरीवर होती. मी नारळाची भकलं तिच्या ओटीत ठेवली. तिनं ती हातांनी चाचपली.

"घेतलंस?"

"घेतलं."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं. तिनं काय केलं ते सांगितलं. आम्ही काय केलं ते बी सांगितलं."

"लोक काय म्हनले?"

"व्हय म्हणाले. पहिल्यांदा माझी लेक म्हणाली."

ती भकलांकडे बघत राहिली. खायला दात नव्हते. मला वाटलं, आता रडेल. पण तिनं माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

"मारुती, ती माजी आत्ती न्हवं."

"म्हणजे?"

"चार वरसांची हुते मी. बाप आदीच गेलेला. शिपाई पोरीला बी न्हेतील म्हनून मामानं मला रातोरात आपल्या घरात घेतलं, आपली लेक म्हनून सांगितलं, आनि हितं आला. मला बजावलं, आता तिला आत्ती म्हनायचं. कोन बी इचारलं तरी आत्ती. मी म्हनले. मग मामा गेला, लगीन झालं, पोरं झाली, घरवाला बी गेला. सांगायचं कुनाला? जिचं नाव कोन घेत न्हाई, ती माजी कोन म्हनून सांगायचं?"

वर्षानुवर्षं मी या बाईच्या हातचं ताक प्यायलो होतो.

फुलाआज्जी दाराच्या चौकटीला धरून उठली. मी आधार द्यायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला. रानाकडे तोंड करून ती उभी राहिली, आणि तिनं हाक मारली. लहान पोर मारतं तशी, लांबवून.

"आये!"

आतून तिची सून हातातलं काम टाकून धावत आली. "काय झालं? कुनाला हाका मारतायसा?"

"माज्या आयला," फुलाआज्जी म्हणाली. "चंद्रा नाव तिचं."